राजाचा मालक करणारी रेघ

"मी राजा लिहिलाच नव्हता!" उस्ताद फारिस छापखान्याच्या दारातूनच ओरडले. हातात मासिकाच्या पानांचा ताजा छापील फर्मा, शाई अजून ओली.

साठच्या दशकातलं कुवेत सिटी. मी तिथे फोरमन. उस्ताद शाळामास्तर, पॅलेस्टिनी. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला तर परत जायला त्यांना गावच उरलं नव्हतं. आणि कथा काय लिहिली होती पठ्ठ्याने! एका शहरातली सगळी सावली एक मालक विकत घेतो. सावलीत बसायचं तर भाडं म्हणून आपला एक शब्द द्यायचा. तो पुन्हा उच्चारायचा नाही. लोक आधी 'बुलबुल' देतात, मग 'अंजीर', शेवटी 'नाही'. एक म्हातारी तेवढी उन्हात उभी, तोंडात 'नाही' जपून. सत्तेवर एवढी जहाल टीका, आणि सत्ता हा शब्द कुठेच नाही! वाचून मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या होत्या.

घोटाळा एका अक्षराचा. अरबीत 'मालिक' म्हणजे मालक आणि 'मलिक' म्हणजे राजा. फरक एका अलिफचा, एका उभ्या रेघेचा. आमचे कंपोझिटर हसनमियां रत्नागिरीचे, अरबी शिकलेले कुराणावर. तिथे 'मालिक'मध्ये मोठा अलिफ नसतो, अक्षराच्या डोक्यावर बारीक रेघ असते: खडा जबर. ती रेघ आमच्या छपाईच्या खिळ्यांत नव्हती. हसनमियांनी सवयीने अलिफ गाळला आणि कथाभर राजा झाला!

"अरे, पण प्रूफ वाचलं ना?" मी विचारलं. अरब प्रूफरीडर रजेवर होता.

"वाचलं तर!" हसनमियां म्हणाले. "मी मोठ्यानं वाचत होतो, हा इब्राहिम मूळ प्रत धरून बसलेला. मी दर वेळेला मालिकच म्हटलं. विचारा त्याला."

"मालिकच म्हणाले," दापोलीचा इब्राहिम म्हणाला.

कुवेतला राजा नव्हता, अमीर होते. पण शेजारी राजे होते, आणि रागवायला तेवढं पुरे. दुपारी फर्मा सरकारी तपासनिसाकडे जायचा होता. सगळ्या प्रती छापून झालेल्या, आणि पुन्हा छापायला नवा कागद अजून बंदरात.

उस्ताद खुर्चीत कोसळले. मग एकदम उठले. "मियां, तुमचा खडा जबर पेनने देता येईल?"

"पेनने? अहो, काडीनंसुद्धा देईन!"

चौघेही बसलो. जिथे मुकुट असतो तिथेच एकेक रेघ मारून सगळ्या प्रतींतले राजे पदच्युत केले.

तपासनीस साहेबांनी भुवया उंचावल्या. "कथेत हे कुराणातलं लिहिणं कशाला?"

"आमचे कंपोझिटर फार नमाजी आहेत, साहेब," मी म्हणालो.

ते म्हातारीपर्यंत वाचत गेले. थांबले. मला वाटलं, संपले उस्ताद.

"सावलीचा मालक," ते हळूच म्हणाले. "फार वाईट माणूस." आणि शिक्का मारला.

अंक निघाला. वाचक त्या रेघेपाशी अडखळत, आधी राजा वाचत, मग मालक. "एवढं तर मलाही सुचलं नव्हतं," उस्ताद म्हणाले आणि शाळेची घंटा गाठायला पळाले.

धडा एवढाच: प्रूफ वाचायला एकाच किनाऱ्यावरची दोन माणसं बसवू नयेत. बसवलीच, तर लेखक चांगला निवडावा.