पाच गोळ्यांची वाटणी

इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली धुरपताबाई रोवणीची, म्हणजे भातलावणीची, टोळी चालवायची. तिच्यासकट पाच बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एका रांगेत वाकत आणि रोवत रोवत मागे सरत. बांधालगतची कड धुरपताबाईची. तिच्या वेगानं बाकीच्या चालत. २००८ साली मात्र वाकलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा.

"सरक ना वो मावशी," शेजारची रुख्मा म्हणायची. "नाही जमत तं कड मले दे."

कड गेली की टोळीही गेली, हे धुरपताबाईला ठाऊक होतं.

त्याच हंगामात शहरातले काही डॉक्टर मेबेंडाझोल तपासायला आले. जंतांवरचं हे जुनं औषध अजून लागू पडतं का, एवढाच त्यांचा प्रश्न. धुरपताबाईच्या पोटात अंकुशकृमी निघाले. चिखलातल्या अनवाणी पायांतून ते शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. डॉक्टरांनी या अभ्यासासाठी नेमलेला भुवनेश्वर कुडवा गावाहून मोटारसायकलनं यायचा. पहिली गोळी त्यानं समोर घ्यायला लावली. उरलेल्या पाच तिनं सकाळ-संध्याकाळ घरी घ्यायच्या होत्या.

पण टोळीत एकटीनं काही खायची रीत नव्हती. बांधावर एका कांद्याच्याही पाच फाका होत. दुसऱ्या दिवशी जेवताना धुरपताबाईनं पाचही गोळ्या वाटल्या. स्वतःसकट प्रत्येकीला एक.

तीन आठवड्यांनी तिच्या शौचाचा नमुना पुन्हा तपासला. जंतांची अंडी जवळपास तेवढीच. भुवनेश्वर थेट बांधीवर आला.

"काकी, ये दवाई तो बेकार निकली. साहेब आता तसंच लिहितील."

"दवाईले कायले नावं ठेवतं बाबू? माह्या पोटात दोनच गेल्या."

"अन् बाकीच्या?"

तिनं बायांकडे हात केला.

"अरे! प्रसाद होता का तो?"

अभ्यासातून तिचं नाव कमी झालं. तरी जंत असलेल्याला तसंच सोडायचं नाही, असा नियम होता. भुवनेश्वरनं नव्या औषधाची एक गोळी काढली. "आता माझ्यासमोर."

"अन् ह्या चौघी?"

"त्यांनी दवाखान्यात जावं. माझ्याकडे एकच आहे."

रुख्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "घे ना मावशी. आमी का तुह्या तोंडातली मागून राहिलो?"

बाया हसल्या. धुरपताबाईनं गोळी चावली, वर पाणी प्यायली आणि बांधीकडे वळली. तोवर रुख्मा बांधालगतच्या कडेवर, तिच्या जागी, उभी राहिली होती.

पुढच्या रोवणीपर्यंत धुरपताबाईची चक्कर थांबली. कड मात्र रुख्माकडेच राहिली; तिच्या शेजारी ती झपाझप रोवायची. अधूनमधून हात थांबवून रुख्मा मागे सरण्याची वाट पाहायची. "सरक ना" असं कधी म्हणाली नाही.