हीप, हॅशमॅप आणि दहावी खुर्ची

आमच्या कंपनीने बडोद्याचे ऑफिस बंद केले आणि कळवले, नोकरी हवी तर बंगलोरला या. मी म्हटले, गेलात उडत! अर्थात मनातल्या मनात. तोंडाने म्हणालो, "विचार करून सांगतो."

प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. बायको तरसालीच्या शाळेत गणित शिकवते. मी हललो की तिला राजीनामा द्यावा लागणार, आणि तिच्या नववीच्या पोरांवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव. घरी बसून करता येईल अशी एकच नोकरी हाताशी आली होती. त्या नोकरीची शेवटची मुलाखत शुक्रवारी. विषय: हीप आणि हॅशमॅप, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती मांडून ठेवायच्या दोन पद्धती.

आता गंमत बघा. ही दोन्ही मी वर्षानुवर्षे रोज वापरत आलो. पण रोज लिफ्टने जाणाऱ्याला लिफ्ट बांधता येते का? म्हणून पन्नाशीत पुन्हा पुस्तक उघडले आणि काय सांगू, प्रेमातच पडलो! हॅशमॅपला शब्द द्या, तो त्या शब्दाचा आकडा करतो आणि त्या आकड्याच्या खणात वस्तू ठेवतो. परत मागा, शोधाशोध नाही, थेट तोच खण उघडतो. आणि हीप? प्रामाणिक आळशी! सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात लहान, जे ठरवून द्याल त्या एकाला तो चोख वर बसवतो. बाकीच्यांची रांग विचाराल तर खांदे उडवतो.

सराव बायको घेणार होती. ती आतल्या खोलीत, मी बाहेर, मध्ये व्हिडिओ कॉल.

"हीप म्हणजे काय?" तिने करड्या आवाजात विचारले.

"असं बघा मॅडम, आमच्या हरणीच्या सोसायटीत एकदा..."

"आवजो," असा गुजरातीत निरोप देऊन तिने कॉल कापला.

मी तरातरा आत गेलो. "अगं, मी अजून सुरुवातसुद्धा केली नव्हती!"

"तेच म्हणते मी. मुलाखत संपेल, पण तुम्ही सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणार नाही. आधी उत्तर द्या, मग नाटकं करा."

शुक्रवारी पडद्यावर माझ्या भाचीच्या वयाची मुलगी आली. म्हणाली, "सर, लोकांनी शोधलेल्या शब्दांची ही भलीमोठी यादी. सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा शब्द हवेत. पण सगळी यादी क्रमाने लावायची नाही."

मी आतल्या आत टाळी वाजवली. मोजायला हॅशमॅप, निवडायला दहा जागांचा हीप! "मोठे हवेत, म्हणून मोठा वर," असे ठणकावून मी लिहूनही टाकले.

"बरं," ती म्हणाली. "दहा जागा भरल्या. अकरावा आला. कुणाला काढाल?"

"सगळ्यात लहानाला."

"तो कुठे आहे?"

मी माझा कोड पुन्हा वाचला. माझ्या हीपला फक्त मोठा ठाऊक होता! लहान बिचारा खाली गर्दीत कुठेतरी. डोळ्यांसमोर बंगलोरचे तिकीट नाचू लागले.

"हिंट देऊ, सर?"

"नको! एक मिनिट नाटक करू द्या."

ती हसली. "करा."

मी ताडकन उठलो. "ही गाण्याची स्पर्धा. मंचावर दहा खुर्च्या. नवा गायक आला. त्याला पहिल्या नंबराशी काय करायचंय? त्याची लढत दहाव्याशी! दहाव्याला हरवलं तर खुर्ची, नाहीतर घरी. मग माझ्या हाताशी कोण हवा? दहावा! मोठे निवडायचे, तर लहान वर!"

दहाव्याला उठवायला मी हात असा फेकला की हेडफोनची वायर ताणली जाऊन लॅपटॉप टेबलाच्या कडेवर आला. झेलला. बसलो, तुलनेचे एक चिन्ह उलटे केले, कोड चालला.

"म्हणजे आधीचं चुकलं होतं, सर?"

"साफ चुकलं होतं!" मी इतक्या आनंदाने म्हणालो की तिने तोंडावर हात धरला.

सोमवारी फोन आला. नोकरी माझी! मी ओरडतच आत गेलो. बायकोने नीट ऐकून घेतले, पुन्हा एकदा सांगायला लावले आणि लगेच मुख्याध्यापिकांना फोन लावला. "बेन, बीजुं कोई शोधता नहीं. नवमुं धोरण हुं ज लईश."

म्हणजे, बाई, दुसरं कुणी शोधू नका, नववी मीच घेणार! नववीचा वर्ग तिचाच राहिला. आता माझे कौतुक होईल म्हणून मी छाती काढून उभा होतो. ती म्हणाली, "सरका जरा, पेपर तपासायचेत," आणि गुणगुणत कामाला बसली.