नारळ कोणी उचलत नाही

“पोरगी काही बोलतच नाही बे. तुले चालते काय?”

मी सँडलचा पट्टा सोडवायला वाकले होते, तेव्हा पाठीमागून हे ऐकू आलं. बोलणारा मुलाचा चुलतभाऊ होता. मुलगा हळूच म्हणाला, “बोलन न बे. टाइम तं लागतेच.”

पट्टा सुटला होता, तरी मी थोडा वेळ वाकूनच राहिले.

मुलगा म्हणजे मला पाहायला आलेला मुलगा. त्याचं घर वरवट बकालला, नोकरी पुण्यात. पोहे, चहा, वडीलधाऱ्यांचे प्रश्न हे सगळं सकाळी आमच्या घरी उरकलं होतं. त्याची रजा संपत आली होती, म्हणून दोन्ही घरांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं. त्यांचा होकार जवळपास आलाच होता, राहिला होता माझा. “दोघांना जरा बोलू द्या,” असं सगळे म्हणत होते, पण बोलायला बसवलं की मी बोलत नाही हे सकाळीच सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून माझ्या चुलत बहिणीने, ताईने, ही युक्ती काढली. स्थळ तिनेच आणलं होतं. ती देऊळगाव राजाला दिलेली, आणि मुलाकडचे तिच्या सासरच्या नात्यातले.

बुलढाण्यात चिखली रोडवर, पूर्वी जिथे कोचिंग क्लास होता त्या मजल्यावर, एक एस्केप रूम सुरू झाली आहे. खोलीत कोंडून घ्यायचं, एक गोष्ट उलगडत जायची आणि तासाभरात दार उघडायचं. ताई, मी, मुलगा आणि त्याचा भाऊ असे चौघे वर गेलो. दोन्हीकडचे आईवडील खाली हॉटेलात कचोरी खात बसले.

“चपला काढायची गरज नाही हं,” खेळ चालवणारी मुलगी म्हणाली. ती माझ्याच वयाची असेल. तरी आम्ही चौघांनीही काढल्या, कारण दारातूनच आत मांडलेला कलश दिसत होता.

खेळाची गोष्ट लग्नघराची होती. पहाटे नवरी खोलीत नाही, बाहेरून कडी लागलेली, मुहूर्ताला एक तास. ती कुठे गेली आणि का गेली, हे आपण शोधायचं. खेळ मोठ्यांसाठी आहे, आत भुतंखेतं नाहीत, असं त्या मुलीने आधीच सांगितलं. तिने प्रत्येकाला एक नातं वाटून दिलं. ताई नवरीची आत्या, मुलगा नवरीचा भाऊ, चुलतभाऊ आचारी.

“मलेच काऊन आचारी?” तो म्हणाला.

“पोट पाहून दिलं असेल,” ताई म्हणाली. सगळे हसले, तोही हसला.

मी नवरीची मैत्रीण झाले. प्रत्येकाला त्याच्या नात्यातून एक प्रश्न विचारला जाईल आणि उत्तर बरोबर आलं तरच गोष्ट पुढे सरकेल, असा नियम होता.

दार बंद झालं. खोली खरंच लग्नघरासारखी होती. कोपऱ्यात गाद्यांची चळत आणि कुलूपबंद पेटी, आरशाला चिकटवलेल्या टिकल्या, आहेराच्या साड्या, मधोमध चौरंगावर तांदळाच्या राशीवर कलश, त्यावर पानं आणि नारळ. स्पीकरमधून कुणा म्हातारीचा आवाज आला. ती पेटीच्या कुलपाचा आकडा सांगत होती, “एकोणसाठ.”

मी पेटीजवळच होते. मी कुलपाचं चक्र फिरवायला घेतलं, तेवढ्यात मुलगा माझ्या कानाशी हलकेच म्हणाला, “फिफ्टी नाइन.”

इंग्लिश मिडियमच्या मुलांचा एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ होतो, हे खरं आहे. माझाही होतो. त्या दिवशी झाला नव्हता. मी पाचावर आधीच आणलं होतं. त्याने ते इतक्या सांभाळून सांगितलं, इतरांना कळू न देता, की मी मान हलवली. ताईने मात्र ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ, किती समजूतदार, असा त्या भुवयांचा अर्थ होता.

पेटीतून एक रेकॉर्डिंग सुरू झालं, नवरीचं. ती काही तक्रार करत नव्हती. स्वयंपाकाचं, पाहुण्यांचं, असं साधंच बोलत होती. मी तोवर आहेराच्या साड्या बघत होते. प्रत्येक साडीवर हळदीकुंकवाची पुडी ठेवली होती, एका फिक्या साडीवर मात्र नव्हती. विसरली असेल असं वाटत नव्हतं, कारण त्या साडीवर पुडीच्या जागी एक गजऱ्याचं फूल होतं. मी ती साडी मुलाला दाखवली. काही बोलले नाही, नुसतं बोट ठेवलं.

थोड्याच वेळात स्पीकरवरून माझा प्रश्न आला. “नवरीच्या मैत्रिणीला विचारते. ती कुणासाठी गेली?”

मी तोंड उघडलं. वाक्य मनात तयार होतं. मराठीत उत्तर देताना मी आधी वाक्य तयार करते, मग बोलते, एवढाच काय तो उशीर.

“नात्यातल्या एखाद्या विधवा बाईसाठी,” मुलगा म्हणाला. “जिला लग्नाला बोलावलं नाही.”

घंटा वाजली. उत्तर बरोबर होतं.

“तुम्ही घाबरला होता ना,” तो मला म्हणाला. “असू द्या.”

मी घाबरले नव्हते.

त्यानंतर आम्ही अडकलो. बराच वेळ अडकलो. खोलीला एक मागचं दारही होतं, कुलूप लावलेलं, आणि त्याची किल्ली याच खोलीत होती. चुलतभाऊ गाद्यांखाली झोपून पाहत होता, ताईने साड्यांच्या घड्या मोडल्या आणि सवयीने परत घातल्या, मुलाने पंख्याच्या पात्यांवर हात फिरवून पाहिला. मी कलशाकडे बघत होते. कलशाला कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती आणि ती ताजी होती. नारळाच्या दोन्ही बाजूंना मात्र, जिथे उचलताना अंगठे येतात तिथे, कुंकू पुसून गेलं होतं. शेंडीही हाताळून गुळगुळीत झाली होती.

मी मुलाजवळ गेले आणि म्हटलं, “नारळाखाली असेल.”

तो हसला, चांगलं हसला. “मांडलेला कलश हलवत नसतात,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला शाळेत नसेल सांगितलं.”

मला माहीत होतं. आमच्या घरी दरवर्षी घट बसतात. हा कलश पूजेचा नाही, त्याखालचा चौरंग प्लायवूडचा आहे, हेही मला दिसत होतं. पण तेवढं सगळं बोलायला मला तीन-चार वाक्यं लागली असती, आणि तो तोवर परत पंख्याकडे गेला होता.

शेवटी स्पीकरमधून खेळ चालवणाऱ्या मुलीचाच आवाज आला. “दादा, ताई, सगळं पाहून झालं ना? मग जे पाहिलं नाही ते पाहा. देव रागावणार नाही.”

तिघांनीही एकदम कलशाकडे पाहिलं.

“मी नाही बाई,” ताई म्हणाली. “माझ्या घरात लेकरं आहेत.”

“तं माह्या घरात काय माकडं आहेत?” चुलतभाऊ म्हणाला. पण पुढे तोच झाला. त्याने हात पॅंटला पुसले, कलशाला नमस्कार केला, “माफ करजो बाप्पा, गेम आहे,” असं म्हणाला आणि डोळे मिटून नारळ उचलला. किल्ली खाली, पानांच्या मध्ये होती.

“हिने मला आधीच सांगितलं होतं बरं का!” मुलगा मोठ्याने म्हणाला. “हुशार आहे ही. बोलत नाही, पण लक्ष असतं.”

ताईने टाळ्या वाजवल्या. चुलतभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी, मले तरी सांगायचं! मी फुकट गाद्यायखाली मेलो.” मला हसू आलं. त्या तासात मला काही न समजावता थेट माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य होतं, पण त्याचंही उत्तर मुलानेच दिलं. “त्यांना संकोच वाटतो रे.”

मागचं दार उघडलं. गोष्टीतली नवरी पळून गेलेली नव्हती. ती आपल्या विधवा मावशीला आणायला गेली होती आणि पुढच्या दाराने मावशीला कोणी आत घेतलं नसतं. मुहूर्ताला ती हजर होती. तिला लग्न करायचंच होतं. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये दोघींच्या बांगड्यांचा आवाज होता.

आम्ही चपला घालत असताना खेळ चालवणारी मुलगी म्हणाली, “लोक गाद्यांखाली शिरतात, भिंती ठोकून पाहतात. नारळ कोणी उचलत नाही, किल्ली ठेवायला मीच काय तो उचलते. एक काकू तर म्हणाल्या, राहू दे, आम्ही हरलो.” तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दुसरीकडे किल्ली ठेवून बघितली का, असं ताईने विचारलं, तर म्हणाली, “मग मजा काय?”

खाली हॉटेलात आमच्यासाठी खुर्च्या सरकवल्या गेल्या. चुलतभावाने आपण देवाची माफी कशी मागितली ते उभं राहून करून दाखवलं. दोन्हीकडचे वडील खूप हसले. ताईने फिफ्टी नाइनची गोष्ट माझ्या आईच्या कानात सांगितली आणि आई माझ्याकडे बघून निवांत झाली. सकाळपासून पहिल्यांदाच. मला ते दिसलं.

मुलगा वाईट नव्हता. मी आजही कुणाला तो वाईट होता असं सांगत नाही. खुर्ची आधी मला दिली, माझ्यासाठी कमी साखरेचा चहा सांगितला. मी चहा कमी साखरेचा पिते का, हे त्याने विचारलं नव्हतं. सकाळी मी अर्धा कप सोडला होता, त्यावरून त्याने ताडलं असेल.

त्याच्या आईने कपाळावरचा पदर नीट केला आणि माझ्या बाबांना म्हणाली, “आमच्याकडून हो समजा, भाऊ. पोरीचं काय म्हणणं हाय?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने मुलाकडे पाहिलं.

“त्यांना आवडलंय,” मुलगा म्हणाला. “पण लगेच विचारू नका. त्यांना बोलायला वेळ लागतो. फोनवर कळवतील सावकाश.”

“हाव, हाव,” त्याचे वडील म्हणाले. “घाई कशाले?”

सगळे मला वेळ देत होते. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस असा नव्हे, काळजी करू नको असा. वेटर चहा ठेवून गेला. मी कप बाजूला केला. वाक्य तयार व्हायला या वेळी फारसा उशीर लागला नाही. मी मुलाच्या आईकडे बघितलं, कारण प्रश्न तिने विचारला होता.

“वेळ नको, काकू,” मी म्हणाले. “माझं उत्तर नाही असं आहे.”