बाबांचं न झालेलं भाषण

यवतमाळला वर्तमानपत्रावरचा, जुन्या काळात घडणारा एक सिनेमा लागला, तेव्हा आईच म्हणाली, "मलेही ने." मला नवल वाटलं. ऐंशी ओलांडलेली बाई, टीव्हीवरच्या मालिकेत कोण कुणाची सून हेही आता तिच्या लक्षात राहत नाही. पण शेजारच्या गॅरेजवाल्या भाईंनी गाडी काढली आणि आम्ही तिघं गेलो.

सिनेमा इंग्रजांच्या वेळचा होता. एक करारी संपादक, हातानं छपाईचे खिळे जुळवणारी माणसं, छापखान्यावर सरकारची धाड. मध्यंतरानंतर संपादकाला कळतं, की आपल्या लाडक्या बातमीदारानं सभेला न जाताच सभेची बातमी दिली, आणि ती सभा मुळी झालीच नव्हती. तो त्याला सगळ्यांसमोर हाकलतो. थिएटरात टाळ्या पडल्या. आईकडे बघायचं मी मुद्दाम टाळलं.

बाहेर चहाच्या टपरीवर जो तो समीक्षक झाला होता. मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा एक जण माइक घेऊन फिरत होता. "असे संपादक आता राहिले नाहीत," एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या काखेत पेपर होता, आणि त्यातलं फक्त राशिभविष्य ते वाचत असणार, याची मी पैज लावायला तयार आहे. एका मुलीला सिनेमा भारी पण स्लो वाटला. आमचे भाई म्हणाले, "अपुन तर बोर झालो बा. पण त्या बातमीदाराले हाकललं ते बराबर केलं, मॅडम. झूठ ते झूठच." माइक माझ्यासमोर आला. एरवी मला बोलताना आवरावं लागतं. त्या दिवशी मी "आवाज फार मोठा होता" एवढंच म्हणून गाडीत जाऊन बसले.

माझं सगळं आयुष्य तशाच एका बातमीवर उभं आहे.

मी बारावी झाले तेव्हा आम्ही उमरखेडला होतो. बाबा शाळेत मास्तर. गावचा वार्ताहर बातमीचं पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि ते यवतमाळला पेपरच्या कचेरीत पोचायचं. कार्यक्रम संध्याकाळचा असला तर बातमी आधीच लिहावी लागे. मग तो पाहुण्याच्या घरी यायचा, काय बोलणार ते विचारायचा आणि 'ते म्हणाले' असं लिहून मोकळा व्हायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता आणि अध्यक्ष बाबा होते. पाकीट एसटीनं गेलं. त्यानंतर बाबा शाळेतून घरी आले, सदऱ्याला इस्त्री करता करता कोसळले, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. कार्यक्रम अर्थातच झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना ओसरीत ठेवलेलं, नागपूरच्या आत्याची वाट पाहत माणसं बसलेली, आणि पेपर आला. त्यात बाबा बोलत होते. 'मुलींना बाहेरगावी शिकू द्या. माझी मुलगी यंदा अमरावतीला शिकायला जाणार आहे, असे त्यांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केले.' एक जण मोठ्यानं वाचत होता, तो मध्येच थांबला. मला बाबांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली.

कारण घरात बाबा मला नाहीच म्हणाले होते. इथं होईल तेवढं शिक्षण आणि मग लग्न. पण पेपर वाचून मला वाटलं, शेवटच्या दिवशी त्यांचं मन फिरलं असेल, मला सांगायचं तेवढं राहून गेलं. पुढे काकांनी माझ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा आईनं तो पेपर त्यांच्यापुढे ठेवला. "त्याइचा शेवटचा शब्द आहे." गेलेल्या माणसाच्या शब्दापुढे काका काय बोलणार? मी अमरावतीला गेले, शिकले, प्राध्यापक झाले.

ते वाक्य मात्र माझा पिच्छा सोडेना. वसतिगृहाच्या जिन्यात, वर्गात फळ्याकडे वळले की पाठीमागून, बाबांच्या आवाजात, आधी घसा खाकरून, ते ऐकू यायचं. ते पुसटसुद्धा झालं नाही. कधी आधार वाटायचा, कधी अंगावर काटा यायचा. आणि एक शंका होतीच. ते वाक्य बाबांचं, की वार्ताहरानं पदरचं घातलेलं? वार्ताहर जिवंत होता तोवर मी त्याला विचारलं नाही. "माझंच ते" म्हणाला असता, तर मग मी कुणाच्या शब्दावर घराबाहेर पडले होते?

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"त्या पोराले उगाच हाकललं."

"खोटं छापलं ना त्यानं, आई."

"त्याले सांगणारं कोणी असंन ना. थे कोणी इचारलंच नाही." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुह्या बाबानं नव्हतं सांगितलं थे. वार्ताहर आला तवा ते शाळेत गेलते. मीच म्हटलं, लिहा असं असं. एकदा पेपरात आलं का मास्तर माणूस चारचौघात नाही म्हणणार नाही, असं वाटलं मले. त वाचाले माणूसच राह्यला नाही."

मला आधी रागच आला. बापाचा आवाज म्हणून इतकी वर्षं मी ज्याला जपलं, घाबरले, ते बाबा नव्हतेच.

"अजून येतात," आई म्हणाली. "झोप लागली का दारात उभे राह्यतात, हातात पेपर. म्हणतात, मी कवा म्हटलं वं असं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"खरं सांग बाई, वाचलं असतं त हो म्हटलं असतं का त्याइनं?"

मी बाबांना ओळखत होते. ते तडक वार्ताहराच्या घरी गेले असते आणि दुसऱ्याच दिवशी पेपरात खुलासा छापून आणला असता.

"म्हणाले असते," मी म्हटलं. "आदल्या रात्री माझ्याशी बोलले होते ते."

आई सरसावून बसली. "काय बोलले? सगळं सांग."

मी सांगायला लागले.