मला दिलेला प्लास्टिकचा हात

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की नॉर्थ कॅरोलायना राज्यात, भरदिवसा, कॉलेजच्या फिजिऑलॉजी लॅबमध्ये, सगळा वर्ग हजर असताना, एका सुशिक्षित बाईने आपला डावा हात पाठीमागे लपवला. हात शाबूत आहे. कुणी काळजी करू नये.

हात मंजिरीचा. लपवला माझ्यापासून. माझ्या हातात रक्तदाब मोजायचा पट्टा होता, कानात स्टेथोस्कोप. मी म्हटलं, "आण गं हात."

"नको. त्या पट्ट्याने मला रॅश येतो."

आदल्या आठवड्यापर्यंत येत नव्हता.

मी मूळची नागपूरची, आता मॉरिसव्हिलची. चाळिशी केव्हाच मागे पडली. निम्मं आयुष्य सॉफ्टवेअर टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्याच्या कामावर संशय घ्यायचा पगार घेत होते. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेले. त्याच संध्याकाळी जेवायच्या टेबलावर उभी राहून (टेबलाच्या बाजूला, वर नाही) जाहीर केलं, की मी डॉक्टर होणार. इथे मेडिकल स्कूलला अर्ज करायचा तर आधी केमिस्ट्री, बायोलॉजी असे विषय कॉलेजात बसून पास व्हावे लागतात. बारावीनंतर मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. गेले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरंपोरी एकदम गप्प. त्यांना वाटलं प्रोफेसर आली. मी तो मान जरा वेळ उपभोगला आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिथे मंजिरी होती. पुण्याची, मार्केटिंग सोडून आलेली, माझ्याच वयाची, तिलाही डॉक्टरच व्हायचं होतं. "यार, आपण दोघी म्हाताऱ्या एकत्र राहू," म्हणाली आणि माझी लॅब पार्टनर झाली. माझ्याच गाडीतून यायची. लॅबमध्ये बाही वर करून हात माझ्या मांडीवर टाकायची. "घे बाई, आवळ."

मग एका रविवारी ती अभ्यासाला माझ्या घरी आली. चहा होईपर्यंत घरभर फिरली.

"देवघर कुठंय गं?"

"नाही."

आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. वर एक फोटो. निळा सूट, चष्मा. नाव मी सांगितलं नाही, तिला विचारावं लागलं नाही. फोटोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चहा आणला तर म्हणाली, "आज ॲसिडिटी आहे गं."

त्यानंतरचा तो रॅश.

टेस्टरच्या धंद्यात एकदा दिसलेल्या चुकीला कुणी किंमत देत नाही. ती पुन्हा घडताना दाखवावी लागते. म्हणून मी गप्प राहून पाहू लागले. पुढच्या वेळी तिचं मनगट दुखत होतं. मग सर्दी झाली, मला लागेल म्हणून लांब बसली. गाडीतून येणंही थांबलं. "तुला उगाच वळसा पडतो."

प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. हेच तर कसब. बोलायचं असं, की समोरच्याला स्वतःचाच संशय घाणेरडा वाटावा. मला वाटायचा. मी अंघोळ करताना स्वतःला शिव्या घालायचे.

मुलीला सांगितलं. ती इथेच जन्मलेली. म्हणाली, "आई, मेबी शी जस्ट डझन्ट लाइक यू."

तीही शक्यता तपासली. लसणाची चटणी बंद केली. परफ्यूम बदलला. विनोद कमी केले. विनोद कमी करणं सगळ्यात जड गेलं. रॅश काही बरा झाला नाही.

मग एका मंगळवारी लॅबमध्ये शिरले तर मंजिरी मेगन नावाच्या मुलीसमोर बाही वर करून बसलेली. तोच पट्टा. तोच डावा हात. हसत होती.

आमच्या लॅबच्या कॅरलबाईंनी मला बाजूला घेतलं. भली बाई. आवाज इतका हळू, की जणू माझ्या घरी कुणी वारलंय. तुझ्या पार्टनरला तुझ्याबरोबर कम्फर्टेबल वाटत नाही, म्हणाल्या. काही हरकत नाही, म्हणाल्या. आणि कपाट उघडून सरावाचा एक प्लास्टिकचा हात काढला. खांद्यापासून बोटांपर्यंत गुलाबी. "यू कॅन यूज धिस."

वर्गभर जिवंत हात. मला प्लास्टिकचा.

मी बसले. पट्टा बांधला. स्टेथोस्कोप लावला. आत मोटर होती, नाडी छान लागत होती.

आणि आई आठवली. नागपूरला मी लहान असताना तिला धाप लागायची. डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणाले, "खोक." ती खोकली. त्यांनी औषध लिहून दिलं. स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यातच राहिला. इतक्या लांबून फुप्फुसं ऐकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. औषधाने आईला काही फरक पडला नाही.

मी पट्टा सोडला. तो हात उचलून कॅरलबाईंच्या टेबलावर ठेवला. "आय नीड अ पर्सन."

त्यांनी विचारलं, मला माहीत असायला हवं असं काही आहे का?

पुरावा माझ्याकडे शून्य. माझ्या अर्जाला याच बाईंचं शिफारसपत्र लागणार होतं. भांडकुदळ म्हातारी, असं त्यांच्या मनात बसलं की संपलं. तरी बोलले. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी कुठल्या जातीत जन्मले ते तिला कळलंय. म्हणून तिला माझा हात लागायला नकोय.

"दॅट्स इन्सेन!" मंजिरी उभी राहिली.

मी मराठीत विचारलं, "मग इतके दिवस माझ्या मांडीवर हात टाकत होतीस, तो कसा चालला?"

ती ओरडली. मराठीत. वर्गात ते कळणारी मी एकटी. कॅरलबाईंनी विचारलं, काय म्हणाली? मी भाषांतर केलं, एक शब्द न गाळता.

पुढे फार काही झालं नाही. कॅरलबाईंनी त्याला गैरसमज म्हटलं. मंजिरीने लॅबचा वार बदलला. शिफारसपत्र अजून आलेलं नाही, आणि येईल असं मला वाटतही नाही. दुसऱ्या कुणाकडून तरी मिळवीन. अर्ज करीन. परत आला तर पुन्हा करीन. डॉक्टर होईन, आणि दवाखाना याच गावात टाकीन, आपली मराठी माणसं रांगेने घरं घेऊन राहतात तिथे. दारावर माझं आडनाव लावीन, ठळक. आत येईल त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावीन, मंजिरी आली तर तिच्याही. आणि कुणी अंग चोरलं, तर कारण त्याला मोठ्याने सांगायला लावीन. यापुढे रॅश चालणार नाही, ॲसिडिटी चालणार नाही. सांगतात माणसं. सरळ विचारावं लागतं.

त्या दिवशी मी सरळ विचारलं होतं, आणि मंजिरी भर वर्गात, लालबुंद होऊन ओरडली होती:

"अगं, तेव्हा मला कुठे माहीत होतं तू कोण आहेस ते!"