शेवटचं प्रकरण गणपतीला

कादंबरीतल्या माणसांचा जेवढा पाहुणचार तुडीलच्या माझ्या आतोबांनी केला, तेवढा त्यांना जन्माला घालणाऱ्या लेखकांनीही कधी केला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भातशेती, दोन म्हशी आणि ओटीवरचं कादंबऱ्यांनी ठासून भरलेलं कपाट एवढा त्यांचा संसार. आतोबा कपाट सांभाळायचे आणि बाकीचं सगळं आत्या. महाडच्या बाजाराला गेले की वाचनालय आधी आणि खत नंतर. परतताना एस.टी.त पुस्तक उघडलं की तुडील कधी मागे पडलं ते त्यांना कळत नसे, आणि कंडक्टर ओरडलाच तर त्यालाच गप्प करत, "थांब रे जरा, तिची सासू आली हाय." एकदा त्यांच्या पुतणीला बघायला पोलादपूरचे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर आतोबा कुणा एका वसंताच्या दारूपायी इतके हळहळले, की पाहुण्यांना वाटलं, वसंता ह्याच घरातला. वसंता पुस्तकातला आहे हे त्यांना पटवून देईपर्यंत पोहे गार झाले आणि सोयरीक मोडता मोडता राहिली. मी हसलो तर आतोबा माझ्यावरच उखडले. "हसतोस काय? घरात ऱ्हायला आलेल्या माणसाची काळजी करायला नको?"

पण त्यांचा खरा नेम निराळाच होता. कादंबरीचं शेवटचं प्रकरण ते एकट्याने कधीच वाचत नसत. "इतके दिवस आपल्याकडं ऱ्हायलेली माणसं जायला निघाली. निरोपाला घर भरलेलं नको?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्षभरातल्या सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट गणपतीसाठी राखून ठेवले जात. मुंबईचे चाकरमानी आले, दुपारची आरती झाली, मोदकांनी पोटं जड झाली, की आतोबा ओटीवर बैठक मारून एकेक शेवट मोठ्याने वाचत. आमच्या अख्ख्या भावकीला मराठी कादंबऱ्यांचे फक्त शेवट माहीत आहेत. वाचनालयातल्या बाईंनीही अखेर हात टेकले आणि त्यांची पुस्तकं विसर्जनानंतरच परत मागायची असं ठरवून टाकलं. मला मात्र त्या शेवटांनीच कायमचं बिघडवलं. ही बाई एवढी का रडली, हा माणूस घर सोडून का निघाला, ह्या हुरहुरीने मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेई. ती खोड अजून सुटलेली नाही, आणि आयुष्यात जे काही बरं मिळालं त्यातलं बरंचसं तिच्यामुळेच मिळालं. आतोबांचे हे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहून टाकतो.

आत्याला वाचता येत नाही. ती तांदूळ निवडायला बसली की आतोबा शेजारी बसून तिला वाचून दाखवत. त्यातली एक कादंबरी तिच्या फार जिवाला लागली. डोंगरातल्या वाडीवरचा एक मुलगा शहरात जातो आणि त्याची आई रोज घाटाच्या फाट्यावर एस.टी. बघायला जाऊन उभी राहते, अशी ती गोष्ट. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, मुंबईला गेला तो तिथलाच झाला. आधी दर गणपतीला यायचा, मग फक्त फोन येऊ लागला, रजा नाही म्हणून. आत्या त्याच्याविषयी चकार शब्द काढत नसे. ती पुस्तकातल्या मुलाचीच चौकशी करायची, "येल ना वो तो?" आणि आतोबा म्हणायचे, "गणपतीला कळेल गो."

त्या पावसाळ्यात सावित्री नदी ओटीवर चढली. कपाट आडवं झालं. पाणी उतरल्यावर आतोबांनी सगळी पुस्तकं सोडवून पानं चुलीवरच्या सुकटीच्या दोरीवर वाळत घातली. त्यांच्या कपाटातल्या प्रेमकथांना अजून सुकटीचा वास येतो. पण नेमकं आत्याच्या त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाहून गेलं. त्या गणपतीत आतोबा ओटीवर नुसते बसून राहिले. मी निघताना आत्याने तांदळाच्या पिठाची पिशवी हातात दिली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या मुंबईत ते पुस्तक मिळतंय का बघ रे. तो आला का नाय, येवढंच कळू दे."

जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे पुढच्या गणपतीच्या तोंडावर एक प्रत हाती लागली. महाडला येतानाच एस.टी.त मी शेवट वाचला. मुलगा येत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत येत नाही. वाङ्मय म्हणून तो शेवट उत्तम होता, हे कबूल. पण महाडला उतरून तुडीलला वाङ्मय जाणार नव्हतं, मी जाणार होतो.

आतोबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून आरतीनंतर पुस्तक माझ्याच हातात आलं. आत्या भांडी तशीच टाकून उंबऱ्यावर येऊन बसली. आई फाट्यावर जाऊन उभी राहते इथपर्यंत मी नीट वाचलं. पुढे आत्याकडे नजर गेली आणि मी लेखकाचा हात सोडला. त्याचा घाट कुठला होता कोण जाणे, मी सरळ आमच्याकडच्या आंबेनळीची वळणं घातली. त्या वळणांवरून एस.टी. आणली, दार उघडलं, मुलाला उतरवलं, आणि आईच्या तोंडी घातलं, "किती रे वाळलास!" आत्याने पदराने डोळे पुसले. "मला ठाव होतं. येतात," असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

परतीच्या दिवशी आतोबा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. लांबून दिसली तसे म्हणाले, "शेवट झ्याक झाला रे. फक्त पुढच्या खेपेला मधनं मधनं पान उलटत जा. इतकी वर्षं ऐकतेय ती. पानाचा आवाज तिच्या कानात बसलाय."

त्यांनी काखेतलं ते पुस्तक काढून माझ्या पिशवीत घातलं.

"हे तुझ्याकडंच असू दे मुंबईला," आतोबा म्हणाले. "आमच्याकडं तो आलाय."