तपासणीसाठी परत मागवलेली पुस्तकं

त्या वर्षी आमच्या पांढरकवड्याच्या वाचनालयाचं सरकारी अनुदान तपासणीवर अडकलं होतं. ते थांबलं असतं तर वाचनालय बंदच पडलं असतं. कापसाचे भाव पडलेले. गावातून वर्गणी कुठून येणार? मी ग्रंथपाल. कामांची यादी केली आणि सर्वांत वर लिहिलं, बाहेर गेलेलं प्रत्येक पुस्तक परत आणणे. कपाटं भरलेली दिसायला हवी होती.

आमची बरीच पुस्तकं कापूस खरेदी केंद्रासमोरच्या रांगेत वाचली जात. गाड्या तिथे दोन-दोन दिवस उभ्या असत. तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिथे पुस्तकं गोळा करायला गेले, तर एक काका कादंबरी सोडेनात.

"मॅडम, वीस पानं राह्यली. पोरगी सासरी परत जाते का नाही, तेवढं तं पाहू द्या!"

मी ती घेतलीच.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडली. "सगळी पुस्तकं कालच परत आली? बाई, या नोंदी काल बसून लिहिल्यात ना?"

मी हात जोडले. "साहेब, रांगेपर्यंत चला, वाचक दाखवते."

"मला अजून दोन गावं करायची आहेत."

मी धावत रांगेत गेले. "काका, पाच मिनिटं चला, साहेबांना सांगा."

"गाडी सोडली तं नंबर जाते. मंग माहा कापूस तुमी घेता काय?"

कोणीच हललं नाही. मी एकटीच परतले, तोवर साहेबांनी शेरा लिहून सही केली होती: वाचक आढळले नाहीत.